कडीचा कळंब

बजरंगमामांनी देवक विचारलं आणि सखारामनं खरं सांगितलं. वरसोलीच्या त्या घरात असं एकदम खरं सांगण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे पुढं काय करायचं हे कुणालाच सुचेना.

दोष सखारामचा नव्हता, नोकरीचा होता. लोणावळ्याच्या केबिनमध्ये सिग्नलचे खटके ओढण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तिथं विचारतील तेवढंच आणि असेल तसंच सांगावं लागतं; नाहीतर घाटात दोन गाड्या एकमेकींना भेटायला येतात.

"कळंब," तो म्हणाला होता.

बजरंगमामांनी फोडायला घेतलेली सुपारी पुन्हा ताटात ठेवली. तळेगावहून ते पुतण्यासाठी, निवृत्तीसाठी, सखारामची मुलगी चंपा ठरवायला आले होते (मामा ते साऱ्या गावाचे, निवृत्तीचे चुलते), आणि पोह्यांची दुसरी बशी संपेपर्यंत ती ठरलीही होती.

"मग झालं की पाव्हणं," ते म्हणाले. "आमचंबी कळंबच."

लग्नात ज्या झाडाची फांदी मांडवात पुजायची ते घराचं देवक. देवक एक म्हणजे मूळ पुरुष एक, आणि मूळ पुरुष एक म्हणजे सगळी भावंडं. पाहुण्यांच्या कपातला चहा निवायच्या आत निवृत्ती आणि चंपा बहीणभाऊ झाले.

आतल्या दारामागं उभ्या असलेल्या चंपाला हे नातं पसंत नव्हतं. निवृत्ती तळेगावात काचेच्या कारखान्यात होता. तिथल्या जत्रेत त्यानं तिला एक पेला दिला होता, भट्टीतून वाकडा निघाला म्हणून फेकायला काढलेला. तो जमिनीवर ठेवला की कलंडायचा. चंपानं त्याला दोन खडे लावून उभा केला होता. भावानं दिलेली वस्तू कुणी इतक्या खटपटीनं उभी करत नाही.

ओसरीवर सगळ्यांनी हौशीराम आबांकडं पाहिलं. आबा सखारामचे वडील, चंपाचे आजोबा आणि घराण्याच्या इतिहासाचे एकमेव जाणकार. या इतिहासात त्यांचा पूर्वज विसापूर किल्ल्याच्या दरवाजावर पहारा द्यायचा. सखाराम लहान होता तेव्हा हा पूर्वज नुसता उभा असायचा. पुढं त्याला भाला मिळाला, मग घोडा. गेल्या दिवाळीत तो घोड्यावरून उतरून एका तहानलेल्या गोऱ्या कप्तानाला पाणी पाजून परत वर चढला होता.

"देवक म्हंजे देवक," आबा म्हणाले. "विसापूरच्या दरवाजाम्होरं कळंब हुता, त्योच आमचा. आता लगीन न्हाई तर न्हाई. कूळ काय बाजारात मिळत न्हाई."

"दरवाजा न्हाई अन् कळंबबी न्हाई," आतून आवाज आला.

धोंडाबाई बाहेर आल्या. आबांची थोरली बहीण. नवऱ्यामागं माहेरी आल्या त्यालाही आता जमाना झाला होता. गुडघे गेले होते, पण जीभ चालत होती, आणि घरातला कारभार गुडघ्यांवर चालतच नव्हता.

"आक्का, तू आत जा."

"जाते की. पन आदी सांगून जाते. आपला दादा लोनावळ्यात पाद्रीबाबाच्या आवारात वाढला. विसापूर त्यानं गाडीच्या रुळावरनं बघितलं आसंल."

दादा म्हणजे रखमाजी, या दोघांचे वडील. ते पोरके होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण घरातली पडकी भिंत जशी सगळ्यांना ठाऊक असते तसं. पाहुणे आले की तिच्यावर घोंगडी टाकायची.

बजरंगमामांनी ताटातली सुपारी पुन्हा उचलली. फोडली नाही; नुसती बोटांत धरली. निवृत्तीनं याआधी चांगल्या चांगल्या मुली नाकारल्या होत्या आणि 'ही नसंल तर कुनीच नगं' असं आईला बजावलं होतं. मोडलेली सोयरीक घेऊन परत जाण्यात मामांचाही काही फायदा नव्हता.

"म्हंजे ह्यो कळंब आला कुठनं, ह्ये तुमालाच म्हाईत न्हाई?"

"म्हाईत हाय!" आबा.

"न्हाई," धोंडाबाई.

"आजून तपास न्हाई झाला," सखाराम म्हणाला. केबिनमध्ये असंच म्हणतात.

"मग करा की तपास. चर्चात समदं लिवून ठेवत्यात म्हनं. जलम, मरान, समदं. रक्ताचं देवक दुसरं निघालं तर मी हितंच सुपारी फोडतो. आन् कळंबच निघालं, तर राम राम. उद्या जाऊ."

सकाळी आबा सगळ्यांच्या आधी फेटा बांधून तयार होते. आपण केवळ लक्ष ठेवायला येतोय, असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. कशावर, ते सांगितलं नाही.

*

स्टेशनापलीकडच्या चर्चचे फादर तुस्कानो मूळ वसईचे. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की मंडळी पहिल्यांदा अवघडली आणि नंतर सावरून बसली. धोंडाबाईंना चालवत आणायला म्हणून चंपाही आली होती. धोंडाबाई घरापासून टांग्यापर्यंत तिचा हात न धरताच आल्या होत्या, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

"वर्ष?" फादरांनी विचारलं.

"सत्त्याहत्तरचा दुस्काळ," धोंडाबाई म्हणाल्या. "दादा म्हनायचा, दुस्काळात आलो."

फादरांनी कपाटातून गेल्या शतकातल्या तीन जाड वह्या काढल्या आणि त्यातली एक उघडली. आतलं अक्षर देखणं होतं आणि भाषा लॅटिन. आबा पुढं वाकले. आपल्याला ती येत नाही हे त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. पान उलटताना ते मधूनमधून मान डोलावत होते.

"दुष्काळाच्या कामावरची माणसं इथं पटापट मरत होती," फादर बोट फिरवत म्हणाले. "तेव्हाचे पाद्री झोपड्यांमधून फिरायचे. जगण्याची आशा नसलेलं मूल दिसलं की जागच्या जागी बाप्तिस्मा देऊन नोंद करायचे. हां. रखमा. हेच का?"

धोंडाबाई पुढं सरकल्या. फादर सावकाश मराठीत सांगू लागले.

"'रखमा, मुलगा, वय अंदाजे सात. बाप बहिरू, आई पुतळा. राहणार आंदर मावळ. दोघंही तापानं वारले. मूल वाचेल असं वाटत नाही, म्हणून तातडीनं बाप्तिस्मा दिला. नाव इग्नास.'"

"वाचंल आसं वाटत न्हाई?" धोंडाबाई म्हणाल्या. "आवो, दोन बैल म्हातारे करून मेला दादा."

"शेजारी दुसऱ्या अक्षरातली ओळ आहे. 'वाचला. आवारात राहतो, घंटेच्या कामाला मदत करतो.' पुढं काही नाही." फादरांनी चष्मा वर केला. "मृत्यूची नोंद नाही, तेव्हा आमच्या लेखी ते अजून आहेत."

"म्हणजे आजोबा हयात?" सखाराम म्हणाला.

"वहीपुरते."

आबा खुर्चीत बसले होते. विसापूरचा दरवाजा त्यांच्या डोळ्यांदेखत, घोड्यासकट, खाली आला होता, आणि ढिगाऱ्यातून बाहेर आलं ते सात वर्षांचं एक पोर. त्याचं नाव इग्नास. 'हौशीराम इग्नास', असं त्यांनी मनात म्हणून पाहिलं. मग पुन्हा नाही म्हटलं.

धोंडाबाईंच्या डोक्यात मात्र इग्नास शिरलाच नव्हता. त्या दुसऱ्याच नावापाशी थांबल्या होत्या.

"फादर, आईचं काय म्हनला?"

"पुतळा."

घरात लग्न निघालं की हळद कुटताना, घाणा भरताना, बाया गेलेल्या माणसांना नावानं बोलावतात. सासरची, माहेरची, कधीच्या काळची, सगळी यावीत म्हणून. धोंडाबाई ते बोलावणं आईकडून शिकल्या होत्या. एकेक नाव सरळ यायचं आणि एका जागी मुसळ अडखळायचं: 'दादाची आई, तू बी ये'. तिला नाव नव्हतं. आपल्याला लोक नावानं बोलावतात आणि तिला नाही, याची धोंडाबाईंना लहानपणी भीती वाटायची. नाव नसलेलं माणूस वाट कशी शोधणार?

"पुतळा," त्या पुटपुटल्या.

बजरंगमामा मात्र कामाशी काम ठेवणारे होते. "ह्ये समदं खरं. पन देवक कुठं लिवलंय?"

"ते आमच्याकडं लिहीत नाहीत."

"मग आलो कशापायी?"

फादरांनी वही मिटली आणि सगळे बाहेर आवारात आले.

*

घंटेच्या मनोऱ्याशेजारी एक जुनं झाड होतं. चंपानं वर बघायच्या आधीच तिच्या दंडावरचा धोंडाबाईंचा हात घट्ट झाला.

"आक्काआजी, काय झालं?"

धोंडाबाई त्या झाडापाशी गेल्या, गुडघे विसरून. खोडात छातीच्या उंचीवर एक लोखंडी कडी होती. कधीकाळी कुणी घोडा बांधायला ठोकलेली असेल. झाड वाढत गेलं तशी साल तिच्यावर चढली होती, आणि आता निम्मीच कडी बाहेर होती.

"कडीचा कळंब," त्या म्हणाल्या. "हौश्या, ह्यो बघ. कडीचा कळंब!"

आबा जवळ आले. भावंडांचं वय दोघांच्याही चेहऱ्यावरून क्षणभर उतरलं.

"दादा म्हनायचा," आबा हळूच म्हणाले.

"दर लग्नाला म्हनायचा. वढ्याकाठी कळंब हाय, तरी म्हनायचा, न्हाई, कडीचा पायजे. अन् चालत लोनावळ्याला जायचा फांदी आनायला. मला वाटायचं आसंल कुटं देवळात." धोंडाबाईंनी सालीवर हात ठेवला. "आन् आई सांगायची. तिच्या बापानं पोरगी द्यायची कबूल केली अन् इचारलं, तुजं देवक काय? ह्यो गप उटून गेला. लोकं म्हनली, पळालं पोरगं. सांजच्याला फांदी घिऊन हजर."

सगळ्यांना एकाच वेळी कळलं. बजरंगमामांना सगळ्यांच्या थोडं आधी.

"म्हंजे सुटला की गुंता!" ते म्हणाले. "ह्यो कळंब तुमचा न्हवंच. पोरक्याला काय सांगता यीना म्हनून दारातलं झाड उचलून दिलं. देवक न्हाई काई न्हाई. टाका सोडून."

"आन् मग आमचं देवक कोंचं?" सखाराम म्हणाला.

"पंचपालवी म्हना. पाच झाडांची पाच पानं, कुनाला वंगाळ दिसत न्हाई. भाऊकीत मी सांगतो." मामांनी आवाज खाली आणला आणि आबांच्या जवळ सरकले. "ह्ये पाद्रीबाबाचं, इग्नासचं, काय बोलायची गरज न्हाई. तुमचं विसापूर तुमच्यापाशी. माजी सुपारी खिशात हाय."

खरोखरच खिशात होती. त्यांनी ती बाहेर काढून दाखवली.

सखारामला हे पसंत पडलं. लाइन मोकळी झाली होती. त्यानं आत्याकडं पाहिलं. कळंब खोटा हे तीच तर कालपासून सांगत होती. धोंडाबाई मात्र झाडाजवळून हलेनात. कडी त्यांच्या बोटांत होती.

"सोडायचा?" त्या म्हणाल्या. "ह्यो?"

"आत्या, काल तूच म्हणालीस—"

"काल मला म्हाईत न्हवतं रं."

चंपा दोघांच्या मधे उभी होती. तिला निवृत्ती हवा होता. तो आता हातभर अंतरावर होता, एका पानाच्या खोटेपणापलीकडं. 'हो म्हणा,' असं ती मनात म्हणत होती, आणि धोंडाबाईंच्या हाताकडं बघत होती, आणि दोन्ही एकदम जमत नव्हतं. शेवटी तिनं आबांकडं पाहिलं. खोटं बोलायचं असेल तर त्या घरात तेवढा एकच माणूस भरवशाचा होता.

आबांपुढं सगळं मांडून ठेवलं होतं. नात सुखी, बहीण गप्प, पूर्वज घोड्यावर. चाळीस वर्षांत त्यांनी याहून कितीतरी अवघड थापा याहून कितीतरी कमी मोबदल्यात मारल्या होत्या. त्यांनी फेटा सारखा केला. विसापूरची गोष्ट सुरू करण्याआधी ते तसंच करायचे.

"मामा, बसा," ते म्हणाले. बसायला काही नव्हतं. मामा उभेच राहिले. "माजा बाप सात वर्सांचा. आईबाप मेलेलं. लिवनाऱ्यानंबी लिवलं, वाचंल आसं वाटत न्हाई. ह्या झाडाखाली त्यो वाचला. बाप्तिस्मा झाला त्याचा, नाव इग्नास. घंटा वाजवायचा. मी आजवर लोकास्नी विसापूर सांगितलं, कारन मला वाटलं, एवडंसं हाय ह्ये, काय सांगायचं. तुमी इचारा गावात, मी कंदी कमी सांगितलेलं न्हाई. आन् आज कमी सांगायचं म्हनता?"

"आबा, मी लगीन व्हावं म्हनून—"

"मला बी लगीन पायजे. माजी नात हाय ती. पन देवक आमचं कळंबच. पंचपालवी दादानं पुजली न्हाई, मी पुजनार न्हाई." आबा दमले. मग एकाएकी त्यांना स्वतःचंच बोलणं पटलं, आणि पटलं की त्यांचा आवाज चढायचा. "आन् तुमचा कळंब निराळा! तुमचा वाडवडलांकडनं आला, रक्तातनं. आमचा हातातनं आला. एकानं मागितला, दुसऱ्यानं तोडू दिला. ह्यात भाऊकी कुठं आली? भाऊबंद आसलो तर आमी ह्या फादरचं आसू!"

फादर दारात उभे होते. "आमची हरकत नाही," ते म्हणाले.

बजरंगमामा झाडाकडं बघत राहिले. मग कडीकडं. मग हातातल्या सुपारीकडं. माणूस तसा पक्का; पटल्याशिवाय हलणारा नव्हता, आणि पटलंय हे लगेच सांगणाराही नव्हता.

"बहिरू कुठला म्हनला वहीत?"

"आंदर मावळ," सखाराम म्हणाला.

"आमची भाऊकी समदी पवन मावळात. आंदर मावळात आमच्या भाऊबंदांचं येकबी घर न्हाई. न्हाई म्हनूनच आमी तिकडच्या पोरी करतो. माजी बायकू तिकडचीच." मामांनी अजून थोडं थांबून पाहिलं, कुणी हरकत घेतंय का. "म्हंजे रक्ताचा सवालच मिटला. ऱ्हायला कळंब. त्यो तुमचा तुमच्यापाशी, आमचा आमच्यापाशी. मांडवात दोन फांद्या लागतील, येवडंच."

त्यांनी खाली बसून चर्चच्या पायरीवर सुपारी ठेवली आणि आवारातला एक दगड घेतला. पहिला घाव चुकला. दुसऱ्याला फुटली.

"आक्काआजी, तुझे गुडघे," चंपा म्हणाली. कारण धोंडाबाई अजून उभ्याच होत्या.

"मरूंदे गुडघं," धोंडाबाई म्हणाल्या. "तू हास बघू."

*

लग्नाच्या आदल्या दिवशी वाजंत्री घेऊन वरसोलीची मंडळी देवक आणायला चर्चमध्ये शिरली, तेव्हा लोणावळ्याच्या बाजारपेठेला काही समजलं नाही. दुकानं सोडून लोक फाटकाशी जमले. आबांनी कडीला हळदकुंकू लावलं, सालीला हात जोडले आणि कोयत्यानं बेताची एक फांदी उतरवली. फादरांनी ती त्यांच्या हातून घेतली, पानांवरची धूळ फुंकली आणि परत दिली. हे ठरलेलं नव्हतं. पण पुढच्या लग्नापासून ती रीत होणार, हे आबांच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं.

परतीच्या वाटेवर आबांचा इतिहास सुरू झाला. चंपा बैलगाडीतून ऐकत होती. चर्चच्या फाटकात रखमा पाद्रीबाबांना घंटेच्या कामात मदत करत होता. नाक्यापर्यंत घंटा तो एकटाच वाजवू लागला. रूळ ओलांडून गाडी वरसोलीला लागली तोवर त्याच्या घंटेवर घाटातल्या गाड्या सुटत होत्या.

"सखाराम, व्हय की न्हाई?" आबांनी विचारलं.

"तसा रेकॉर्ड नाही," सखाराम म्हणाला. मग थोडा विचार करून, "पण गाड्या वेळेवर असायच्या म्हणतात."

संध्याकाळी घाणा भरायला बाया उखळाभोवती बसल्या. बांगड्यांचा, हसण्याचा आवाज. तळेगावच्या बायाही आल्या होत्या. धोंडाबाईंनी मुसळाला हात लावला आणि एकेक नाव घेऊ लागल्या. सासरच्या झाल्या, माहेरच्या झाल्या. आई झाली, दादा झाला. बायांचे हात सवयीनं मंदावले, दरवेळी त्या जागी मंदावत तसे.

धोंडाबाई थांबल्या नाहीत.

"आंदर मावळच्या पुतळाबाई," त्या म्हणाल्या. "तुजं पोरगं वाचलं गं. त्याच्या पनतीचं लगीन हाय. ये."

आणि मुसळ सरळ खाली गेलं.